दहा ट्रॉल्या वाळू टाकण्याआधी

पत्र :

'सप्रेम नमस्कार. मी शाळेत शिक्षिका आहे. सोलापुरातच वाढले, पण शेतीशी कधी संबंध आला नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही दक्षिण सोलापूर तालुक्यात 30 गुंठे काळं रान घेतलं. डाळिंबाची 60 रोपं लावली, थोडी भाजी केली. पहिल्याच सप्टेंबरात रानात चार दिवस पाणी उभं राहिलं आणि निम्मी रोपं पिवळी पडून गेली. आता उन्हाळ्यात तेच रान असं भेगाळलंय, की मुलाचा हात कोपरापर्यंत आत जातो. कुदळ मारली तरी ढेकूळ फुटत नाही. माती तपासून घेतली. सामू (पीएच) 8.2, क्षारता 0.3, सेंद्रिय कर्ब 0.38 टक्के, चुनखडी 9 टक्के, चिकणमाती 55 टक्के असा अहवाल आलाय. शेजारचे म्हणतात, दहा ट्रॉल्या वाळू टाका. खताच्या दुकानात जिप्सम सांगितलं. भाचा म्हणतो, तलावातला गाळ मिळतोय, आपण फक्त वाहतूक द्यायची. सासूबाई मंगळवेढ्याकडच्या. त्या म्हणतात, रानाला काही झालेलं नाही, ज्वारी पेरा. कुणाचं ऐकू? आणि शेतात एक खोली बांधायची आहे, ती या मातीत टिकेल का?'

– एक वाचक, दक्षिण सोलापूर

उत्तर :

ताई, नमस्कार.

चौघांपैकी सासूबाईंचं म्हणणं खरेपणाच्या सगळ्यात जवळ आहे. त्यांचं का ऐकायचं आणि कुठपर्यंत ऐकायचं, ते पुढे लिहिते. पण आधी वाळूचं बोलू. ट्रॉल्या ठरवल्या असतील तर आजच फोन करून थांबवा.

हिशेब करून बघा. 30 गुंठे म्हणजे साधारण 3,000 चौरस मीटर. त्यातला वरचा फक्त 15 सेंटिमीटरचा थर धरला तरी माती भरते 450 घनमीटर, वजनाने जवळपास 590 टन. त्यातली 55 टक्के चिकणमाती म्हणजे सव्वातीनशे टन. हे प्रमाण 35 टक्क्यांवर आणायचं तर 335 टनांच्या आसपास वाळू लागेल. ब्रासमध्ये (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) सांगायचं तर 75 ब्रास, आणि तेही वरच्या तेवढ्याच थरासाठी. तुमच्या दहा ट्रॉल्यांत दहा ब्रास मावले असं धरलं, तर 55 ची चिकणमाती 51 वर येईल. एवढ्याने रानाला काहीच कळणार नाही. उलट थोडी वाळू आणि खूप चिकणमाती एकत्र आली, की वाळूच्या दाण्यांमधल्या फटी चिकणमाती भरून काढते आणि सुकल्यावर पहिल्यापेक्षा कठीण गिलावा तयार होतो. शिवाय ही वाळू येते कुठून? भीमेच्या आणि सीनेच्या पात्रातून. नदी उघडी पाडून आणलेली वाळू रानात पुरायची आणि रान आणखी घट्ट करून घ्यायचं, या व्यवहारात कुणाचंच भलं नाही.

वाळूचा सल्ला इतक्या लोकांना पटतो, कारण चिकणमाती म्हणजे फार बारीक झालेली वाळूच, असा आपला समज असतो. तो चुकीचा आहे. हे एकदा नीट समजलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात, म्हणून इथे थोडी थांबते. तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हाला हे वाचायला आवडेल असंही वाटतं.

वाळूचा कण म्हणजे दगडाचा तुकडा. चिकणमातीचा कण हा दगड झिजून, विरघळून, त्यातून नव्याने घडलेलं खनिज असतो. त्याचा आकार 0.002 मिलिमीटरपेक्षा कमी. एका मिलिमीटरच्या रेघेवर असे निदान पाचशे कण शेजारीशेजारी बसतील. आणि तो गोल नसतो. तो चपटा असतो, पापडासारखा, आणि पापडांच्या चळतीसारखाच एकावर एक रचलेला.

आता एकेका पापडाच्या आत बघू. त्यात दोन प्रकारचे थर असतात, एक सिलिकाचा आणि एक अ‍ॅल्युमिनाचा. आपल्या काळ्या मातीतलं मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट. ते पुरणपोळीसारखं आहे. वर सिलिकाची पारी, खाली सिलिकाची पारी आणि मध्ये अ‍ॅल्युमिनाचं पुरण. अशा पोळ्या एकावर एक ठेवल्या, तर दोन पोळ्यांची एकमेकींवरची पकड ढिली असते. पाणी थेट दोन पोळ्यांच्या मध्ये शिरतं, चळत फुगते आणि जवळजवळ दुप्पट जाड होऊ शकते. ऊन पडलं, पाणी गेलं, की चळत पुन्हा खाली बसते. तुमच्या मुलाचा हात ज्या भेगेत गेला ती भेग म्हणजे अशा अब्जावधी चळती एकाच वेळी आकसल्याचा परिणाम.

कोकणातली तांबडी माती बघा. तिथल्या चिकणमातीत बहुतांश केओलिनाइट असतं. त्यात एकच पारी आणि तिला चिकटलेलं पुरण, आणि या जोड्या एकमेकींना इतक्या घट्ट धरून बसतात की मध्ये पाणी शिरत नाही. ती माती फुगत नाही, भेगाळत नाही. गंमत अशी, की खालचा मूळ खडक दोन्हीकडे तोच आहे, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा बेसाल्ट. कोकणातल्या धुवाधार पावसाने खडकातला चुना, मॅग्नेशियम आणि पुष्कळसा सिलिका धुऊन समुद्राला दिला. सोलापूरच्या अपुऱ्या पावसाला ते धुणं जमलं नाही. सगळं इथेच राहिलं आणि त्यातून ही फुगणारी माती घडली. तुमच्या अहवालातली 9 टक्के चुनखडी आणि 8.2 सामू ही त्याच न धुतल्या गेलेल्या चुन्याची खूण.

या पोळ्यांवर ऋण विद्युतभार असतो, आणि त्यामुळे कॅल्शियम, पालाश, अमोनियम असे धन भाराचे कण त्यांना चिकटून राहतात. पाऊस पडला तरी सहजी वाहून जात नाहीत. पिकाची मुळं ते हळूहळू उचलतात. कोकणच्या मातीपेक्षा आपल्या मातीची ही धरून ठेवायची ताकद कितीतरी पट जास्त असते. पृष्ठभाग तर विश्वास बसणार नाही इतका. शुद्ध मॉन्टमोरिलोनाइटच्या एका ग्रॅमचा सगळा पृष्ठभाग उलगडून मांडला तर 600 ते 800 चौरस मीटर भरतो. म्हणजे चहाच्या चमच्यात मावणाऱ्या पाच ग्रॅमने तुमचे 30 गुंठे झाकले जातील. तुम्ही विकत घेतलंय ते रान म्हणजे अन्नाची आणि पाण्याची एक प्रचंड कणगी आहे, ताई. तिला दुखणं म्हणू नका. वाळू टाकणं म्हणजे भरल्या कणगीत दगड टाकून तिची जागा अडवणं.

मग रोपं मेली का? कारण पोळ्या फुगल्या, की कणांमधल्या हवेच्या वाटा बंद होतात. कोरड्या काळ्या रानावर पहिला पाऊस पडतो तेव्हा भेगांतून पाणी घळाघळा आत जातं. भेगा मिटल्या, की तेच रान वरून एखाद्या थाळीसारखं होतं, पाणी उभं राहतं, रान चिबडतं. मुळांना श्वास घ्यायला हवा लागते. चार दिवस ती मिळाली नाही की मुळं कुजतात आणि वरचा पाला पिवळा पडतो. पाणी पिऊन रोप मेलं असं आपण म्हणतो, पण खरं तर ते गुदमरलं.

म्हणजे खनिज बदलायचं नाहीये. ते बदलणं आपल्या हातातही नाही. बदलायची आहे त्या कणांची मांडणी. तूप आठवा. पातळ केलेलं तूप आणि रवाळ तूप यांत पदार्थ तोच असतो, पण रवाळ तुपात दाणे असतात आणि दाण्यांच्या मध्ये जागा असते. चांगल्या मातीलाही रवा असतो. चिकणमातीचे कण गोळा होऊन ज्वारीच्या दाण्याएवढ्या कणी तयार होतात. कणीच्या आत पाणी राहतं आणि दोन कण्यांच्या मध्ये हवा. हा रवा धरायला डिंक लागतो आणि तो डिंक दुकानात मिळत नाही. मुळांभोवतीचे जीवाणू तो तयार करतात, बुरशीचे धागे जाळं विणून कणी बांधतात, गांडूळ माती खाऊन विष्ठेतून तयार रवा बाहेर टाकतं. या सगळ्यांना खायला लागतो सेंद्रिय कर्ब, आणि तुमच्या रानात तो आहे 0.38 टक्के. तुमच्या अहवालातला मला काळजी वाटावी असा आकडा हा एकच. काळा रंग बघून माती कसदार आहे असं लोक समजतात. पण आपल्या मातीत थोडासाच कर्ब या खनिजाला घट्ट चिकटून बसतो आणि तेवढ्यानेही रंग गडद दिसतो. रंगावर जाऊ नका, आकड्यावर जा.

आता जिप्समचं. जिप्सम हे वाईट औषध नाही, पण ते एका विशिष्ट रोगाचं औषध आहे. मातीच्या पोळ्यांवर कॅल्शियमच्या जागी सोडियम जाऊन बसला, की कण एकमेकांना सोडून देतात, पाण्यात दुधासारखे पसरतात, वरती पापडी धरते आणि पाणी मुरायचं थांबतं. हे चोपण रान. जिप्सममधला कॅल्शियम त्या सोडियमला हुसकावतो. तुमच्या रानात कॅल्शियमला तोटा नाही आणि 8.2 सामूवरून ते चोपण असेल असं वाटत नाही. तरी खात्री घरीच करता येते, आणि ती करून बघाच. शेतातलं चण्याएवढं कोरडं ढेकूळ घ्या. काचेच्या पेल्यात पावसाचं साठवलेलं पाणी किंवा बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर घ्या. बोअरचं किंवा नळाचं पाणी नको, कारण त्यातले क्षार खरं चित्र लपवतात. ढेकूळ अलगद सोडा आणि पेला हलवू नका. दोन तासांनी बघा, मग दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. ढेकूळ नुसतं विसकटून तळाशी ढीग झाला आणि वरचं पाणी निवळ राहिलं, तर सोडियमचा त्रास नाही, फक्त डिंक कमी आहे. ढेकळाभोवती दुधाळ ढग उठला आणि तो दुसऱ्या दिवशीही बसला नाही, तर मात्र प्रयोगशाळेत विनिमययोग्य सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम, तपासून घ्या. तो 15 टक्क्यांच्या वर असेल तर जिप्सम, आणि तेही प्रयोगशाळा सांगेल तेवढंच. सोबत निचरा हवाच, कारण हुसकावलेला सोडियम वाहून गेला पाहिजे. नाहीतर तो पुन्हा तिथेच बसतो.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, पण मी विचारते. रानाला पाणी कशाचं देता? बोअर असेल तर त्या पाण्याची बाटली तपासायला द्या, मातीपेक्षाही आधी. चांगलं काळं रान खाऱ्या बोअरच्या पाण्याने आठ-दहा वर्षांत चोपण झालेलं मी पाहिलंय. उजनीचं पाणी आल्यावर ज्यांनी उसाला पाटाने मनसोक्त पाणी सोडलं, त्यांच्यातल्या कित्येकांच्या रानांवर आज पांढरा क्षार फुटलाय. काळ्या मातीला पाणी कमी पडलं तर ती एका हंगामापुरती रुसते. पाणी जास्त झालं तर ते नुकसान तुमच्या मुलाला निस्तरावं लागेल.

भाच्याला सांगा, की गाळाची कल्पना उत्तम आहे, पण दुसऱ्या रानासाठी. तलावातला गाळ म्हणजे बहुतांशी वाहून आलेली चिकणमाती आणि पोयटाच. सांगोल्याकडच्या मुरमाड माळावर, जिथे पाणी टाकलं की खाली निघून जातं, तिथे गाळ म्हणजे सोनं. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या सरकारी योजनेचा फायदा तशा रानांना होतो. तुमच्या 55 टक्के चिकणमातीत आणखी चिकणमाती कशाला? वाहतुकीचे पैसे वाचवा आणि त्यांचं शेणखत घ्या.

आता कामाचं. सगळ्यात मोठी सुधारणा बिनपैशाची आहे आणि ती म्हणजे वाफसा, म्हणजे रानात काम करण्याजोगी ओल, सांभाळणं. आपल्याकडे वाफशाला घात म्हणतात. घात आली, घात गेली, घात साधली. या मातीत काम करायचे दिवस मोजके असतात. ओली असली तर ती लोण्यासारखी चोपली जाते, कोरडी असली तर दगड होते. मधले चार-सहा दिवस ती ऐकते. माझे वडील पेरणीआधी वीतभर खालची माती काढून तिचा लाडू वळायचे आणि कमरेच्या उंचीवरून सोडायचे. लाडू फुटून भुगा झाला तर घात आली. नुसता चपटा झाला तर घरी जायचं. हातात वळून त्याची लांब वळी होत असेल तर रानात पायसुद्धा ठेवायचा नाही. त्यांच्यामागे मी एका वर्षी, ट्रॅक्टर पुन्हा मिळणार नाही या भीतीने, ओल्यातच नांगरट करून घेतली. तेव्हा उलटलेली ढेकळं दोन उन्हाळे फुटली नाहीत. ओल्या मातीवरून चाक गेलं की कण्या चिरडल्या जातात आणि सगळे पापड एका दिशेला सपाट होऊन बसतात. तो रवा परत यायला वर्षं लागतात.

याच कारणासाठी रोटाव्हेटरपासून लांब राहा. रान दिसायला मऊ होतं, पण कण्यांचं पीठ होतं, आणि पहिल्या पावसात त्या पिठाचा चिखल होऊन वर पापडी धरते. शिवाय पात्याखाली एकाच खोलीवर घट्ट थर बसत जातो. कुळवाच्या पाळ्या पुरेत.

आणि उन्हाळ्यातल्या भेगांना घाबरू नका. या मातीची ती स्वतःची नांगरट आहे. वरची माती भेगेतून खाली जाते, पावसाळ्यात फुगून खालची वर ढकलली जाते. भेगा बुजवायला जाऊ नका. उलट आता, पाऊस पडायच्या आधी, चांगलं कुजलेलं शेणखत रानभर पसरा. 30 गुंठ्यांना पाच-सहा टन म्हणजे दोन-तीन ट्रॉल्या पुरतील. त्यातलं काही भेगांतून आपोआप हातभर खाली जाईल, तिथे कुठलाच नांगर ते नेऊ शकत नाही. कच्चं शेण टाकू नका, मुळं खाणाऱ्या हुमणी किडीला आमंत्रण मिळेल. जवळच्या साखर कारखान्याची कुजवलेली मळी (प्रेसमड) मिळाली तर तीही चालेल.

जूनमध्ये पाऊस लागला आणि घात आली, की निम्म्या रानात ताग पेरा. सगळ्या नको. आपल्या पावसाचा भरवसा नसतो आणि ताग वाढताना ओल खातो. सहा-सात आठवड्यांनी फुलं दिसू लागली की तो जमिनीत गाडा. पावसाने ओढ दिली तर थांबू नका, गुडघाभर असेल तसाच गाडा. गाडल्यावर महिनाभर कुजायला वेळ द्या आणि मग त्यावर पेरणी करा. पुढच्या वर्षी दुसरा अर्धा भाग घ्या. दोन-तीन वर्षांनी कर्ब पुन्हा तपासा. आपल्या उन्हात तो भराभर जळतो, त्यामुळे आकडा फार उडी मारणार नाही. 0.38 चा 0.5 झाला तरी हातात घेतलेल्या मातीला फरक कळतो. आणि काहीही जाळू नका. उसाचं पाचट, तुरीचा पाला, ज्वारीची धसकटं, सगळं रानातच राहू द्या.

आता सासूबाईंची ज्वारी. त्या उगाच म्हणत नाहीत. मीटरभर खोल काळी माती भरली, की तिच्यात पिकाला उचलता येईल असं दीड-दोनशे मिलिमीटर पाणी साठलेलं असतं. आपल्याकडे सप्टेंबरात मोठा पाऊस होतो, पुढे आकाश कोरडं. तरी ज्वारी उभी राहते ती या साठ्यावर. सोलापुरात 1933 साली कोरडवाहू शेतीचं संशोधन सुरू झालं ते याच प्रश्नावर, पडलेला पाऊस जमिनीत कसा धरायचा. मालदांडी 35-1 ही ज्वारीही मोहोळच्या केंद्रातली निवड. तागाच्या भागात 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबरच्या दरम्यान घात साधून ती पेरा. नंतर तीन कोळपण्या, म्हणजे पिकाच्या ओळींमधून कोळपं फिरवून माती मोकळी करणं, चुकवू नका. पहिली तिसऱ्या आठवड्यात, दुसरी पाचव्या, तिसरी आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने. पहिल्या दोन तणासाठी, तिसरी खास भेगांसाठी. पीक उभं असताना भेग पडली की ती मुळं तोडते आणि खालची ओल उघडी पडून उडून जाते. कोळप्याने मोकळी केलेली माती भेगेत पडते आणि ओलीवर पांघरूण बसतं. 'एक कोळपणी अर्धं पाणी' असं जुने लोक म्हणतात ते यासाठी.

पण नुसती ज्वारी दरवर्षी नको. कडेने तूर घ्या, एका तुकड्यात करडई किंवा हरभरा घ्या. तुरीचं आणि करडईचं मूळ खोल जातं. ते कुजलं, की त्याच्या जागी उभी नळी राहते. पुढच्या वर्षीचं पाणी आणि हवा त्या नळीतून खाली उतरतात. इतकं खोल आणि इतकं नाजूक छिद्र कुठलंही अवजार पाडू शकत नाही.

भाजीसाठी घराजवळचे दोन गुंठे वेगळे काढा आणि तिथे गादीवाफे करा. वाफा तीन फूट रुंद, वीतभर उंच, मधून चालायला वाट. वाफ्यावर पाय कधीच ठेवायचा नाही, मुलांनाही हे शिकवा. शेणखत सढळ हाताने, वरून पाचटाचं आच्छादन. पाणी ठिबकने, थोडं थोडं. आच्छादन असलं की पावसाचा थेंब थेट मातीवर आदळत नाही आणि पापडी धरत नाही. तुमचं मातीचं पहिलं सुख या दोन गुंठ्यांत दिसेल, तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच.

बाकी रानाचा उतार बघा. सप्टेंबरात पाणी कुठे उभं राहिलं होतं ती जागा आठवा, आणि तिथून नाल्यापर्यंत पाणी जाईल असा चर आत्ताच काढून ठेवा. शेजाऱ्याच्या रानात पाणी सोडू नका, त्यातून भांडणं होतात. शक्य असेल तर पेरणी रुंद वरंबा-सरी पद्धतीने करा. काळ्या जमिनीसाठी पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेने यावर बरंच काम केलंय. साधारण मीटरभर रुंद वरंबा, अर्ध्या मीटरची सरी. पाऊस जास्त झाला तर सरीतून पाणी निघून जातं, कमी झाला तर सरीत अडून मुरतं. आता हे काम करणारी पेरणी यंत्रं भाड्याने मिळतात.

डाळिंबाबद्दल मला स्पष्ट लिहावं लागेल, आणि लिहिताना वाईट वाटतंय, कारण साठ रोपं हौसेने लावलेली होती. मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावू नका. सोलापूरचं डाळिंब नावाजलेलं आहे, केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्रही आहे, म्हणून सोलापूरच्या कुठल्याही रानात ते येईल असं वाटणं साहजिक आहे. पण ते हलक्या, मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीचं झाड. बहार धरायचा तर पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो. तुमच्या मातीत पाणी तोडलं तरी खालची कणगी झाडाला पाजत राहते, ताण बसतच नाही. आणि चिबड रानात मर रोगाची टांगती तलवार कायम. जी तीसेक रोपं उभी आहेत त्यांच्या दोन्ही बाजूंनी माती चढवून उंच वरंबा करा, बुंध्याशी पाणी थांबू देऊ नका, आणि जगतील तेवढी घरच्यासाठी जगू द्या. बांधावर झाडं हवी असतील तर चिंच आणि आवळा लावा.

शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या दिसल्या तर ते पाण्याचं नाही, लोहाच्या कमतरतेचं लक्षण आहे. चुनखडीत लोह आणि जस्त अडकून बसतात. शेणखतात मुरवलेलं हिराकस (फेरस सल्फेट) आणि झिंक सल्फेट द्या. चुना मात्र या रानात कुणी सांगितला तरी टाकू नका.

राहिली खोली. आपल्याकडे गावाची पांढरी वेगळी आणि काळी वेगळी. वस्ती पांढरीवर, पीक काळीत. माळवदावरही काळी माती कुणी टाकत नाही, पांढरीच टाकतात. जुन्या लोकांना मॉन्टमोरिलोनाइट हे नाव माहीत नव्हतं, पण दर पावसाळ्यात उचलणाऱ्या आणि दर उन्हाळ्यात खाली बसणाऱ्या जमिनीवर भिंत उभी केली की ती तडकते, हे त्यांना पक्कं माहीत होतं. तेव्हा खोलीची जागा रानाच्या सगळ्यात उंच आणि उथळ कोपऱ्यात निवडा. पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्या. चार-पाच फुटांवर मुरूम लागला तर साधा पाया चालेल. त्याहून खोल काळी असेल तर गवंड्याच्या भरवशावर राहू नका, अभियंत्याला जागा दाखवा. अशा मातीसाठी खाली फुगवटा असलेले अंडररीम्ड खांब घेतात, त्यांचा खर्च आधी विचारून घ्या. पायाच्या चरात काळी माती परत भरू नका, मुरूम भरा. भिंतीलगत तीन-चार फूट फरसबंदी करा, म्हणजे पावसाचं पाणी पायाशी मुरणार नाही. न्हाणीचं सांडपाणीही लांब काढा. आणि पायातून निघालेली खालची माती भाजीच्या वाफ्यांवर पसरू नका, तिच्यात चुनखडीचे खडे जास्त असतात. ती बांधावर टाका.

पेल्यात ढेकूळ सोडून पाहिलंत की काय दिसलं ते कळवा. ढग उठला असेल तर बोअरच्या पाण्याचा अहवालही सोबत पाठवा. त्यानंतरच जिप्समवर आपण पुन्हा बोलू.